ट्रकमधली ती भांडी!

बास झालं आता! ट्रकमध्ये राहतो म्हटलं की सगळे खिडकीतल्या सूर्योदयाबद्दल विचारतात. खरकट्या कढईबद्दल कोणी का विचारत नाही?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. 40 लिटरची टाकी म्हणजे 40 किलो, आणि ते पाणी शोधायचं, उचलायचं, भरायचं आपणच. जातं कुठे? एका करपलेल्या पातेल्याच्या बुडाशी! बरं, भांडी घासून झाली तरी ते पाणी पाठ सोडत नाही. खालच्या टाकीत साठतं, आंबतं, घाण मारतं. रस्त्याकडेला ओतून मोकळं व्हायचं? मी नाही ओतणार, कोणीच ओतू नये.

स्वयंपाकाचं तर बोलूच नका. गॅस जळला की वाफ होते, गार पत्र्यावर जमते आणि थेट अंथरुणावर टपटपते. खिडकी लावावी तर कार्बन मोनॉक्साइडची भीती, उघडावी तर वाऱ्याने शेगडी विझते. मग शिजवायचं कधी? एक कांदा चिरायला आधी अर्धं घर उचलून ठेवायचं!

आज पुन्हा कढई भिजत पडली आहे. पाणी उरलंय तीन लिटर. सांगा, कढई घासू की प्यायला ठेवू?