क्षमता नाही, की वाट नाही?

‘मज्जारज्जूतील चेतातंतूंमध्ये पुन्हा वाढण्याची क्षमताच नसते’ हे मज्जारज्जूच्या इजेवरील उपचारांबद्दलच्या एका लेखातील विधान मला खटकले. १९८१ मध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो या संशोधकांनी उंदरांमध्ये मेंदूचा तळ आणि मज्जारज्जू यांना पायातील मज्जातंतूच्या तुकड्याने जोडले, तेव्हा याच तंतूंनी त्या पुलावरून सुमारे ३० मिलिमीटर वाटचाल केली. वयाबरोबर पेशीची वाढशक्ती मंदावते हे खरेच. पण मोठा अडथळा भोवतालच्या परिसराचा असतो, आणि मेंदूसंशोधक मार्टिन श्वाब यांनी मायेलिनमधील (तंतूंभोवतीच्या मेदयुक्त आवरणातील) वाढरोधक प्रथिने दाखवून दिल्यापासून संशोधनाची दिशाच त्यामुळे बदलली.

हा शब्दच्छल नव्हे. माझ्या धाकट्या भावाच्या मानेतील मज्जारज्जूला इजा झाली आहे; चमचा तळहाताला पट्ट्याने बांधल्याशिवाय त्याला जेवता येत नाही. लेखात उपचाराच्या यशाची कसोटी म्हणून केवळ ‘पुन्हा चालणे’ धरले आहे, परंतु मानेच्या इजेत तंतू मज्जारज्जूच्या एकदोन खंडांपुरते जरी पुढे सरकून योग्य पेशींशी जोडले गेले, तरी कोपर सरळ करण्याची किंवा बोटे मिटण्याची ताकद परत येऊ शकेल. चालण्याबद्दल माझा भाऊ क्वचितच बोलतो. चमच्याबद्दल मात्र रोज बोलतो.