‘डिग्री मुंबईचीच हवी’ म्हणणाऱ्यांनो, आधी माहिती घ्या

मुलांच्या पुढच्या शिक्षणावर मत देणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मला एकच विचारायचंय. ज्या विभागात ती मुलगी दोन वर्षं शिकणार आहे, तिथं काय शिकवतात, कोण शिकवतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर बोलता कशाला?

माझी भाची यंदा फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली. आमच्या सिंधुदुर्गातच शिकली, आणि इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे कागदोपत्री मुंबई विद्यापीठाची. आता एमएस्सीला तिला कोल्हापूरला जायचंय. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, वर्षानुवर्षं काम चाललंय आणि तिला तेच करायचंय. तिथल्या शिक्षकांचे शोधनिबंध तिनं शोधून वाचले. तिथे शिकणाऱ्या मुलींना फोन केले, प्रयोगशाळेत खरंच हात लावायला मिळतो का ते विचारलं. बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांना जागा कमी असतात, तर प्रवेश परीक्षेत किती मार्क लागतील याचाही हिशेब केला. एवढा अभ्यास तर आमच्या घरात जमीन घेतानाही कुणी करत नाही.

आणि यावर घरच्यांचं उत्तर काय? ‘‘अगो, मुंबय सोडून कोल्हापुराक कित्याक जातस?’’

संपलं. एवढाच युक्तिवाद. मोठे काका म्हणतात मुंबईचं नाव जगात चालतं. आत्याच्या मते पुणं म्हणजे पुणं, तिथेच घाल. गोव्यात नोकरी करणारा चुलतभाऊ म्हणतो पणजी दीड-दोन तासांवर आहे, ताळगावला गोवा विद्यापीठात जा. यातल्या एकानंही तिला ‘तुका शिकूचा काय आसा’ असं विचारलं नाही. लग्नात जेवायच्या पंगतीत, देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडवर, जिथं भेटतील तिथं हाच विषय. पोरगी मान खाली घालून ऐकते आणि मला त्याचा संताप येतो.

मुंबईच्या नावाबद्दल मला आकस नाही, हे आधीच सांगतो. १८५७ चं विद्यापीठ आहे. १८६२ मध्ये पहिल्या पदवीधरांची तुकडी बाहेर पडली, तिच्यात न्यायमूर्ती रानड्यांबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि भांडारकर जन्मले आमच्या मालवणात. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याचा मलाही अभिमान आहे. पण जे काका मला भांडारकर ऐकवतात, त्यांना हे माहीत नसतं की पुण्याला स्वतःचं विद्यापीठ १९४९ साली मिळालं. तोपर्यंत डेक्कन आणि फर्ग्युसनची मुलंसुद्धा मुंबईचीच पदवी घ्यायची. रत्नागिरीचे टिळक डेक्कन कॉलेजात शिकले, पदवी मुंबई विद्यापीठाची. कोल्हापूरचं विद्यापीठ १९६२ चं. गोवा विद्यापीठ १९८५ चं, आणि तेही पणजीत मुंबई विद्यापीठाचं जे पदव्युत्तर केंद्र होतं त्यातून उभं राहिलं. म्हणजे ज्यांना तुम्ही एकमेकांसमोर उभं करून कोण थोरलं कोण धाकटं ठरवताय, ती एकाच घरातून वेगळी झालेली भावंडं आहेत. वय मोजून शिक्षणाचा दर्जा कळत नाही.

बरं, ज्या मुंबईच्या नावाच्या गोष्टी तुम्ही सांगता, त्यातलं आता तिथं उरलंय किती? एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही कॉलेजं २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. के. सी. आणि एच. आर. २०२० मध्ये काही कॉलेजं एकत्र करून झालेल्या वेगळ्या समूह विद्यापीठात गेली. ‘यूडीसीटी’ ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, जिच्या नावावर अजून लोक कॉलर ताठ करतात, ती २००८ पासून आयसीटी नावाचं स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलंय. पण आमच्याकडे १९७५ सालची मुंबई डोक्यात ठेवून आजच्या पोरांचे निर्णय केले जातात.

ग्रेडचंही तेच. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ए प्लस प्लस मिळाली, हे मला व्हॉट्सॲपवर पाठवणारे लोक त्याच वर्षी कोल्हापूरलाही ए प्लस प्लस मिळाली हे पाठवत नाहीत. एनआयआरएफनं, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीनं, २०२४ ला राज्यांच्या सरकारी विद्यापीठांची पहिल्यांदा वेगळी यादी काढली, त्यात पुणं देशात तिसरं होतं. पुढच्याच वर्षी पुणं घसरलं. एका वर्षात पुण्याच्या मुलांची अक्कल कमी झाली का? अध्यापकांच्या जागा भरल्या नाहीत, निवृत्त झालेल्यांच्या जागी कुणी आलं नाही, की आकडे पडतात. तुम्ही फक्त नंबर बघता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी घसा फोडून सांगतो आणि कुणी ऐकत नाही. हा नंबर आणि ही ग्रेड विद्यापीठाची असते. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारातले विभाग, तिथले प्राध्यापक, तिथलं ग्रंथालय, तिथलं संशोधन. कुडाळच्या, देवगडच्या, लांज्याच्या कॉलेजला ती लागू होत नाही. कॉलेजचं मूल्यांकन नॅक वेगळं करतं, एनआयआरएफमध्ये कॉलेजांची यादी वेगळी असते. आमच्या पोरांच्या प्रमाणपत्रावर मुंबईचं नाव येतं, पण कलिन्याच्या प्रयोगशाळेचं दार त्यांनी तीन वर्षांत एकदाही पाहिलेलं नसतं. मग ते नाव घेऊन इतरांना हिणवायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

नावातलं आपल्या वाट्याला येतं ते वेगळंच. कुलाब्यापासून बांद्यापर्यंत सात जिल्हे एका विद्यापीठाखाली. परीक्षा संपल्यावर तीस दिवसांत निकाल लागावा, कुठल्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाऊ नये, असं राज्याचा २०१६ चा विद्यापीठ कायदा सांगतो. आणि २०१७ मध्ये काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुरेशी तयारी न करता लाखो उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी दिलेली मुदत टळली, शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुंबईतल्या मुलांना निदान मोर्चा घेऊन फोर्टला विद्यापीठावर जाता आलं. सावंतवाडीच्या मुलानं काय करायचं? रात्रभर तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून दादरला उतरायचं, तिथून चौकशी खिडकी शोधायची? तेव्हा रत्नागिरीला उपकेंद्र होतं, पण सिंधुदुर्गच्या टोकाच्या पोराला तेही जवळ नव्हतं.

दहावी-बारावीच्या बोर्डाचा कोकण विभाग २०१२ ला वेगळा झाला आणि तेव्हापासून निकालात राज्यात पहिला. दरवर्षी. आमची पोरं हुशार आहेत हे सांगायला आणखी काय पाहिजे? पण बारावी झाली की त्या हुशारीसाठी इथं काय ठेवलंय? जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ झालं. नांदेडला १९९४ मध्ये. सोलापूरला २००४ मध्ये, आणि तेही एका जिल्ह्यासाठी. गडचिरोलीला २०११ मध्ये झालं. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी कितीतरी जुनी आहे, आणि ती पुढे आली की पहिला विरोध कुणाचा? आपलाच. ‘‘मगे मुंबयचा नाव जातला!’’ म्हणजे नाव राहावं म्हणून पोरांनी पाचशे किलोमीटरवरच्या कार्यालयाच्या भरवशावर राहायचं. सरकारचा तर राग येतोच, पण आपल्या लोकांचा जास्त येतो.

दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या अंगणात आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातली वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात ही काजूची झाडं अख्ख्या कोकणात लागली, माझ्या स्वतःच्या बागेत आहेत. ‘रत्ना’ आंबा तिथलाच. तरी कुणाचा मुलगा दापोलीला गेला की लोक ‘दुसरीकडे मिळाला नाय वाटता’ म्हणतात. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे, रायगडात आहे, राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडलेली आहेत, पण त्याचं नाव घेतलं की तोंडं वाकडी.

मुंबईला जाऊच नये असं मी म्हणत नाही. ज्याला जो विषय हवा आहे आणि तो विषय कलिन्यात चांगला शिकवला जात असेल, त्यानं जरूर जावं. पण मग घरच्यांनी वसतिगृहाच्या जागा किती तुटपुंज्या असतात तेही बघावं, खोलीचं भाडं बघावं, आणि ते कोण भरणार ते सांगावं. काका, तुम्ही भरणार आहात का? ‘बोरिवलीच्या मामांकडे राहील’ हे उत्तर नाही. मामांच्या वन रूम किचनमध्ये आधीच पाच माणसं आहेत, आणि मामींना कुणी विचारलेलं नाही.

कोल्हापूर घाट चढून चारेक तासांवर. एसटी आहे. आजारी पडली तर मी त्याच दिवशी पोचू शकतो. ताईला, म्हणजे तिच्या आईला, हे महत्त्वाचं वाटतं, आणि ती बोलली की सगळे म्हणतात बायकांना बाहेरच्या जगातलं काय कळतं. शेतात राबून, काजू सोलायच्या कारखान्यात जाऊन जिनं मुलीला बीएस्सीपर्यंत आणलं, तिला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?

यापुढे माझ्या घरी येऊन कुणी ‘मुंबईचंच नाव’ म्हणालं तर मी सरळ विचारणार आहे. त्या विभागात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? कायमचे शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती? गेल्या वर्षीचा निकाल कधी लागला? नेट-सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, किती जणांनी काढली? यातलं एक उत्तर द्या, मग चहा पिऊ आणि बोलू. उत्तर नसेल तर त्या पोरीला तिचा फॉर्म भरू द्या. तो ती कोल्हापूरचाच भरणार आहे, फीचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.