कॉन्ट्युमली : वरून खाली येणारा अपमान

शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं ‘टू बी ऑर नॉट टू बी’ निदान पहिल्या ओळीपुरतं तरी सगळ्यांना पाठ असतं. पुढे तो माणसाला काय काय सोसावं लागतं त्याची यादीच वाचतो. जुलमी माणसाचा अन्याय, झिडकारलेलं प्रेम, रेंगाळणारा न्याय, अधिकाऱ्यांची मग्रुरी. त्याच यादीत आहे ‘द प्राउड मॅन्स कॉन्ट्युमली’, म्हणजे गर्विष्ठ माणसाची कॉन्ट्युमली. इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत या शब्दापुढे ‘अपमान’ एवढंच लिहितात. माझं भांडण त्याच्याशी आहे.

अपमान कोणीही कोणाचाही करू शकतो. भर चौकात दोन रिक्षावाले एकमेकांचा करतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. कॉन्ट्युमली अशी बरोबरीत होत नाही. करणाऱ्याच्या मनात ‘मी कोण आणि तू कोण’ हे पक्कं असावं लागतं, आणि ते बोलण्यातून, वागण्यातून समोरच्याला दिसावंही लागतं. नुसती मनातली घृणा म्हणजे कन्टेम्प्ट. गंमत बघा, नाटकाच्या १६०४-०५च्या छापील प्रतीत ‘प्राउड मॅन’ आहे, पण १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, चक्क ‘पुअर मॅन’, गरीब माणूस! एका पाठात करणारा दिसतो, दुसऱ्यात सोसणारा. दिशा मात्र तीच राहते.

(आगरकरांनी हेच नाटक ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलं. कोल्हापूर प्रकरणात, १८८२ साली, अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. ही यादी त्यांना परकी वाटली नसणार.)

मूळ शब्द लॅटिन, कॉन्टुमेलिया. रोमन कायद्यात माणसाच्या प्रतिष्ठेला पोचवलेली इजा हाही दाद मागण्याचा विषय होता. ती परंपरा दक्षिण आफ्रिकेत अजून जिवंत आहे. तिथे दुसऱ्याची प्रतिष्ठा जाणूनबुजून, गंभीरपणे दुखावणं हा गुन्हा आहे. कृष्णवर्णीय पोलिसांना वंशवाचक शिव्या देणाऱ्या एका गोऱ्या बाईला २०१८ साली त्याखाली तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. आपला १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं गुन्हा मानतो. ‘नुसतं बोललो तर एवढं काय’ म्हणणाऱ्यांना हे दोन्ही कायदे कळत नाहीत, कारण बोलणारा कुठे उभा आहे हे त्यांना बघायचंच नसतं.

मराठीत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘हिणवणं’. हीन ठरवणं त्यातच आलं. त्याला शिवी लागतेच असं नाही. बँकेच्या काउंटरवर म्हातारीनं चुकीची भरलेली स्लिप दोन बोटांनी परत सरकवत ‘आजी, आधी लिहायला शिकून या’ म्हणणं, आणि मागच्या रांगेकडे बघून हसणं. यातला एकही शब्द असभ्य नाही. म्हणून तर तक्रार करायलाही काही हाताला लागत नाही.

वापरायचा असेल तर एवढं बघा: शेवटी ‘ली’ असला तरी हे क्रियाविशेषण नाही, नाम आहे. ‘ट्रीटेड हिम विथ कॉन्ट्युमली’ असं लिहितात. जोर पहिल्या अक्षरावर. रोजच्या बोलण्यात हा शब्द कोणी काढत नाही, आणि ऑफिसच्या मेलमध्ये तर अजिबात घालू नका, समोरचा शब्दकोश उघडत बसेल.

आणि कृपा करून मंत्र्यावरच्या मीमला हा शब्द लावू नका. ती टवाळी, टिंगल, फार तर चावटपणा. निवेदन घेऊन तासभर उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे न बघता त्याच मंत्र्यानं तो कागद पीएकडे भिरकावला, तर मात्र खुशाल लावा.