विद्यापीठाची फी वाढवा म्हणायचंय? मग हे वाचा

गेल्या आठवड्यात भाचीच्या एमएस्सीच्या अ‍ॅडमिशनला तिच्याबरोबर गेलो होतो. सरकारी विद्यापीठ आहे, नाव नाही सांगत, पोरीला तिथे अजून दोन वर्षं काढायचीयत. साडेतीन तास लायनीत, त्यातला एक तास "सर्व्हर डाऊन" आणि पाऊण तास साहेबांचं जेवण. रात्री पावतीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, म्हटलं बघा काय चाललंय. तर एका काकांचा रिप्लाय, "फुकट मिळालं की किंमत राहत नाही. फी अजून वाढवली पाहिजे." खाली हात जोडलेला इमोजी.

एवढ्या सफाईने बोलायला साधना लागते हो. तुम्हालाही जमावं म्हणून थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी स्वतःचं शिक्षण स्वस्तात उरकून घ्या. ही अट आहे. काका 1978 साली सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झाले, वर्षाच्या फीपेक्षा मेसचं महिन्याचं बिल जास्त यायचं हे दर लग्नात जेवताना सांगतात. नंतर नोकरी सरकारी, आता पेन्शन. एवढं पदरात पडलं की किंमतीवर बोलायला मोकळे.

"टॅक्सपेअर" हा शब्द दर दोन वाक्यांनी आला पाहिजे. टॅक्स म्हणजे फक्त इन्कम टॅक्स. आमचे दाजी टेम्पो चालवतात, डिझेलवर व्हॅट भरतात, मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी भरतात, ते बहुतेक देवळाच्या दानपेटीत जात असावं.

हरायला लागलात की दिल्लीचं जेएनयू म्हणा. 2019 मध्ये तिथे हॉस्टेलच्या खोलीचं महिन्याचं भाडं 10-20 रुपये होतं, ते 300-600 करायला निघाले होते, त्यातला 10 चा आकडा पाठ करा. वर महिना 1700 रुपयांचा सर्व्हिस चार्ज लावणार होते, तो विसरा.

पोराच्या हातातला फोन मोजा. (फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो, जाऊ दे.)

"मुलींना आता सगळं फुकट आहे" हेही ठोकून द्या. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, चांगलंच झालं. पण एमएस्सी त्यात बसत नाही, आणि भाचीचा कोर्स तर म्हणे "स्वयंअर्थसहाय्यित". म्हणजे इमारत सरकारी, शिपाई सरकारी, भिंतीवरचे महापुरुष सरकारी, फक्त वर्गातली पोरं स्वतःच्या खर्चाने. आणि ती पावती! प्रवेश शुल्क, नोंदणी शुल्क, पात्रता शुल्क, जिमखाना, ग्रंथालय, ग्रंथालय डिपॉझिट, प्रयोगशाळा, विकास निधी, ई-सुविधा, विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, ओळखपत्र आणि सगळ्यात शेवटी "इतर". अहो इतर म्हणजे काय, एवढं सगळं लिहून झाल्यावर उरलंच काय, खिडकीतल्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या "ते सगळ्यांनाच आहे". ई-सुविधेचे पैसे भरलेत आणि मी साडेतीन तास उभा आहे, जिमखान्याला कुलूप, हॉस्टेलच्या यादीत नाव नाही, प्रयोगशाळेचे पैसे घेतले आणि प्रॅक्टिकलला कोण तर तासिका तत्त्वावरचे सर, ज्यांचं मानधन सहा-सहा महिने अडकतं. आणि सरकार? कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तोच 6 चा आकडा पुन्हा लिहून ठेवलाय. चोपन्न वर्षं! सरकारने हात आखडायचा आणि विद्यापीठाने पोरांच्या खिशात हात घालायचा.

असो. टिपा.

इतिहासाचा दाखला जवळ ठेवा. 1882 साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, की शेतसारा भरते रयत आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, खेड्यातल्या पोरांना मात्र धड शाळा नाही. बघा, फुलेसुद्धा हेच म्हणाले! बस, इथेच थांबायचं, पुढे विचार करायचा नाही.

कारण पुढे विचार केला की माझ्यासारखी सटकते. काका, त्या रयतेच्या पैशावर तुमच्या-आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या, तुम्ही शिकलात, तेव्हा कोणाला किंमत आठवली नाही. आता त्याच रयतेची नात, घरातली पहिली पदवीधर, दारात आलीय तर म्हणे फुकटेपणा नको! पहिल्या पंगतीला तुम्ही श्रीखंड ओरपलंत आणि दुसरी पंगत बसायच्या आत पत्रावळीचे पैसे मागायला उभे? दाजींनी त्या फीसाठी पतपेढीतून कर्ज काढलंय, तुम्हाला माहीत आहे, ग्रुपवर ताईने सांगितलं होतं, तेव्हाही तुम्ही हात जोडलेलेच होते. शिक्षणाची किंमत त्या पोरीला शिकवता? पहाटेच्या एसटीने आली होती ती, लायनीत उभ्या उभ्या डब्यातली चपाती खाल्ली, नंबर जाईल म्हणून.

तुमची 1978 ची पावती सापडली तर ग्रुपवर टाका, काका. तिच्या पावतीशेजारी ठेवून बघू.