यादीपेक्षा ग्रंथपाल द्या

विदर्भातल्या दारव्ह्याहून भाचीचा फोन आला. ती गुलाबी बोंडअळीवर पीएच.डी. करते. "आत्या, साडेतीन हजार भरले तं दहा दिवसांत पेपर छापून देतो म्हन्ते. आयएसएसएन नंबर पन आहे." तो मेसेज तिने मला पाठवला. त्यात संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही. 'पीअर रिव्ह्यू ४८ तासांत' एवढं मात्र ठळक अक्षरात.

मी तिला व्हिडिओवर माझ्या पहिल्या निबंधाची परीक्षणं दाखवली. दोन अनोळखी परीक्षकांनी चार पानं भरून लिहिलं होतं. मातीचे नमुने किती खोलीवरून घेतले, हे मी लिहायचंच विसरले होते. ते एकाने पकडलं. दुरुस्तीत सात महिने गेले. पीअर रिव्ह्यू, तज्ज्ञांकडून तपासून घेणं, म्हणजे हे. आयएसएसएन हा तर नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विश्वासार्ह नियतकालिकांची २०१९ पासूनची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तेव्हापासून गावाकडच्या प्राध्यापकांत वाद आहे: खरं-खोटं आता कोण सांगणार? दुसरीकडे संस्थांना विकतची नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून काढलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेचं कौतुक चालू आहे. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार नियतकालिकं. योजना मोठी आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे, आणि भाचीचं कॉलेज एका खासगी शिक्षण संस्थेचं. तिथे ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. किल्ली शिपाईदादांकडे असते.

मी स्वीडनमध्ये लुंडला राहते. २०१८ मध्ये इथल्या विद्यापीठांनी एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी असलेला करार संपवला आणि जवळपास दीड वर्ष नवे लेख सरळ मिळेनात. आमच्या विभागाचं काम तरी अडलं नाही, कारण ग्रंथपाल बाई शेजारी बसून लेखाची मोफत, कायदेशीर प्रत कुठे सापडते ते शिकवायच्या. पैसा इथेही कमी पडतो. शिकवणारं माणूस मात्र जागेवर असतं, आणि माझ्या मते फरक तिथेच पडतो.

डीओएजे ही खुल्या, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांची सूची याच गावात २००३ मध्ये ३०० नावांनी सुरू झाली. आज त्यात २० हजारांहून जास्त आहेत. ती दारव्ह्यातल्या मोबाइलवरही फुकट उघडते. भाचीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या मेसेजमधलं नाव आम्ही तिथे शोधलं, सापडलं नाही. सूचीत नसलेलं प्रत्येक नियतकालिक खोटं असतं असं नाही, म्हणून छापलेले जुने अंक उघडून पाहिले. एकाच अंकात कापूस, मराठी कविता आणि बँकिंग!

आपल्या भागातून उत्तम संशोधन होत नाही, असं कोणी म्हणू नये. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने छापला. प्रश्न मुलांच्या कुवतीचा नाही. विद्यापीठांनी तालुक्याच्या कॉलेजांत ग्रंथपाल नेमायला लावावेत, निदान महिन्यातून दोन दिवस फिरता ग्रंथपाल पाठवावा.

भाचीने पैसे भरले नाहीत. हवा असलेला एक लेख विकतचा होता, म्हणून तिने थेट लेखकालाच मेल केला. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. सोबत एक प्रश्नही होता: तुमच्याकडे अळी यंदा कोणत्या आठवड्यात दिसली?