एमएएफचा प्लग उपटला म्हणजे ट्युनिंग झालं नाही

गाड्यांच्या ट्युनिंगचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. (एमएएफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि स्पीड डेन्सिटी म्हणजे हवा थेट न मोजता दाबावरून हिशोबाने काढणं.) "एमएएफ सेन्सर म्हणजे जुना जमाना, हवेच्या वाटेतला अडथळा. प्लग काढा, ईसीयू आपोआप स्पीड डेन्सिटीवर जातो, पॉवर वाढते, वर इंजिनात काहीही बदला, परत ट्यून करायला नको." मी आजवर बघून सोडून द्यायचो, पण परवा भाच्याचा फोन आला, "मामा, प्लग काढला, गाडी कसली पळतेय!" टर्बो पेट्रोल आहे हो त्याची. डोकंच फिरलं.

आधी ते जुनं-नवं. बॉशचं डी-जेट्रॉनिक 1967 चं, त्यातला डी म्हणजे जर्मनमधला द्रुक, दाब. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला) दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोल ठरवायचं, म्हणजे आजच्या स्पीड डेन्सिटीचा आजोबाच. आत येणारी हवा मोजणारं एल-जेट्रॉनिक (एल म्हणजे लुफ्ट, हवा) आलं 1974 मध्ये, आणि गरम तारेचा एमएएफ त्याच्याही नंतर. म्हणजे मेसेजवाल्याने इतिहास उलटा टांगलाय.

अडथळ्याचं घरीच तपासता येतं. टर्बो नसलेल्या गाडीत इंजिन बंद, इग्निशन ऑन, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) समजा 98 किलोपास्कल दाखवतो. मग फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमला 96. तो जो 2 चा फरक आहे त्यात फिल्टर, पाइप, थ्रॉटल बॉडी, एमएएफ सगळे आले, आता त्यातला एमएएफचा वाटा किती ते तुम्हीच ठरवा.

आणि "परत ट्यून करायला नको" हे तर बरोबर उलटं आहे. स्पीड डेन्सिटीत ईसीयू हवा मोजत नाही, हिशोबाने काढतो: दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि व्हीई टेबल (कुठल्या आरपीएमला आणि दाबाला इंजिन किती भरतं त्याचा तक्ता). कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा एक्झॉस्ट बदलला की इंजिन भरण्याची क्षमता बदलते, टेबल मात्र जुनंच. शिवाय ट्रॅफिकमध्ये तापमानाचा सेन्सर बॉनेटखालच्या उष्णतेने भाजून निघतो. हवा 35 अंशांची आणि सेन्सर म्हणतो 60, की ईसीयूला हवा विरळ वाटते आणि पेट्रोल साधारण साडेसात टक्के कमी पडतं. एमएएफवाल्याला कॅम-एक्झॉस्ट बदलल्यावर हवेच्या मापाची एवढी कटकट नसते, फक्त सेन्सर बसतो त्या पाइपाचा व्यास बदलू नका, नाहीतर सगळं कॅलिब्रेशन गेलं.

आता मुख्य, "आपोआप". प्लग काढल्यावर ईसीयू जातो तो नाइलाजाने, कशीबशी गाडी घरी पोचवायच्या मोडमध्ये, आणि तो मोड कंपनीतून निघालेल्या इंजिनासाठी लिहिलेला असतो. काही गाड्यांत तर थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम एवढ्यावरच भागवतात (यालाच अल्फा-एन म्हणतात), त्याला बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) दिसतच नाही. भाच्याच्या गाडीला स्कॅनर लावला. पी0102 कोड (एमएएफचा सिग्नल कमी) बसलेला, क्रूझिंगला फ्युएल ट्रिम +17. म्हणजे ईसीयू बिचारा सतरा टक्के पेट्रोल वरून ओतून सांभाळून घेत होता, म्हणून त्याला सगळं छान वाटत होतं. पण फुल थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून जागच्या जागी दुरुस्ती करत बसत नाही, ठरलेल्या आकड्यांवर चालतो. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून एकच पुल (फुल थ्रॉटलची धाव) घेतला, बूस्टमध्ये एक भाग पेट्रोलला हवा 12 च्या आत पाहिजे तिथे 13.6, म्हणजे पेट्रोल कमी, लगेच पाय काढायला लावला. असंच महिनाभर पळवली असती तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके), आणि पुढे पिस्टनच्या कडा वितळल्या असत्या. "कसली पळतेय" ते हे.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने का होईना. मोठा टर्बो टाकला की एमएएफ 5 व्होल्टला जाऊन अडकतो, पुढची हवा त्याला दिसत नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब सोडणारा) बाहेर उघडत असेल तर मोजलेली हवाच उडून जाते आणि गिअर बदलताना मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त पडतं). अशा वेळी स्पीड डेन्सिटीच बरी. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असेल तर अल्फा-एन, कारण दाबाचा सिग्नलच धड मिळत नाही. पण हे सगळं व्हीई टेबल सेल बाय सेल भरून, लॉग (सेन्सरच्या नोंदी) बघून होतं. जीएमच्या एलएस इंजिनांचे कित्येक ईसीयू कंपनीतूनच दोन्ही वापरतात, 4000 आरपीएमपर्यंत दोन्ही मिसळून आणि त्याच्या वर फक्त एमएएफ. हे त्यांना कळत नव्हतं होय?

भाच्याने प्लग परत लावलाय, तोंड पाडून. कोड मी क्लिअर केला, ट्रिम रीसेट केल्या, नवीन लॉग त्याने अजून पाठवलेला नाही.