उभी बेरीज, आडवी बेरीज

शाळेच्या दैनंदिनीत सुरुवातीच्या पानांवर शिस्तीचे नियम छापलेले असतात. ते विद्यार्थ्यांसाठी आहेत असा सर्वसाधारण समज आहे. विद्यार्थी ती पानं उघडतही नाहीत. नाव, इयत्ता, रक्तगट एवढं भरून ते थेट शेवटच्या कोऱ्या पानांकडे वळतात, कारण फुली-गोळा खेळायला तीच बरी. नियम पाळावे लागतात ते वर्गशिक्षकाला. ठाण्यात नववी-दहावीचा वर्ग ज्याच्या गळ्यात पडलेला असतो तो माणूस लांबूनही ओळखू येतो : काखेत कॅटलॉग, हातात लाल पेन आणि नजर दाराकडे.

कॅटलॉग म्हणजे हजेरीपत्रक. महिना बदलला की नवं पान, आणि त्या पानावर वर्गातली बासष्ट नावं पुन्हा पहिल्यापासून, आपल्याच हस्ताक्षरात. आधी मुलगे, मग मुली. हजेरी क्रमांक, जनरल रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख, प्रवर्ग. पुढे एकतीस रकाने, प्रत्येकाचे दोन भाग, कारण हजेरी दिवसातून दोनदा घ्यायची : पहिल्या तासाला आणि मधल्या सुट्टीनंतर. रविवारचा रकाना लाल शाईचा. वरून खाली र, वि, वा, र अशी चार अक्षरं बासष्ट ओळींत पसरायची म्हणजे ऐसपैस काम आहे. ‘महात्मा गांधी जयंती’ला जरा दाटी होते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र सलग मोठी पट्टी मोकळी मिळते आणि चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या शिक्षिका तिथे आपली हौस भागवून घेतात. व्हाइटनर वर्ज्य. चुकलं तर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती आणि शेजारी सही. एखाद्या महिन्यात चार चुका झाल्या की ते पान हजेरीचं कमी आणि जामीनपत्राचं जास्त वाटायला लागतं.

हजेरी नंबराने घ्यावी की नावाने? नंबराने घेतली तर एकाला तीन सेकंद, म्हणजे बासष्ट जणांना तीन मिनिटं. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घेतलं तर सहा-सात मिनिटं जातात, आणि तास पस्तीस मिनिटांचा. तेव्हा सगळे नंबरच पुकारतात. दिवाळीपर्यंत मुलंही एकमेकांना ‘ए एकोणचाळीस’ अशा हाका मारू लागतात. पण गोची वेगळीच असते. ‘सदतीस!’ म्हटलं की शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी, ‘बाई, तो आलाय, त्याचं दप्तर आहे!’ दप्तर हजर आणि मुलगा गैरहजर, या अवस्थेसाठी कॅटलॉगमध्ये खूण नाही. कायद्याने ती गैरहजेरीच. पण दोन मिनिटांनी सदतीस नंबर ओल्या हातांनी दारात उभा राहतो, ‘बाई, पाणी प्यायला गेलो होतो,’ आणि आपली पहिली आडवी रेघ पडते.

खरं मरण महिनाअखेरीला. प्रत्येक मुलाचे हजर दिवस मोजायचे, ही आडवी बेरीज. रोजची हजर मुलं मोजायची, ही उभी. दोन्हींच्या एकूण बेरजा जुळल्या पाहिजेत. समजा, दिवस चोवीस आणि एकूण हजेरी १३७६. तिला चोवीसने भागलं की सरासरी उपस्थिती ५७.३३, म्हणजे बासष्टच्या पटावर साडेब्याण्णव टक्क्यांना जराशी कमी. छान! फक्त उभी बेरीज १३७६ येते तेव्हा आडवी १३७५ येते. शंभराचा फरक असता तर सापडला असता. एकाचा फरक सापडत नाही. तो बहुधा अर्ध्या दिवसांमध्ये लपलेला असतो. मधल्या सुट्टीत पोटात दुखतं म्हणून घरी गेलेले दोघे एका बेरजेत अर्धे-अर्धे मिळून एक होतात आणि दुसऱ्या बेरजेत पूर्ण शून्य. म्हणून अनुभवी माणसं आधी अर्धे दिवस तपासतात, मग शनिवार, मग शेजारच्या ओळीत पडलेल्या खुणा. नवखी माणसं पुन्हा पहिल्यापासून बेरीज करायला घेतात आणि त्यांना १३७७ येतात.

आता उशीर. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं. लहानांची झोप पुरी व्हावी हा हेतू. मोठ्यांच्या झोपेचा विचार अजून झालेला नाही, त्यामुळे सकाळच्या अधिवेशनातली नववी सात वाजता डोळे मिटून प्रतिज्ञा म्हणते. घंटेनंतर फाटक बंद, हा नियम. राष्ट्रगीत सुरू झालं की असेल तिथे स्तब्ध उभं राहायचं, हा दुसरा नियम. दोन्ही नियम एकाच वेळी लागू झाले की बावन्न सेकंदांचा कायदेशीर पेच तयार होतो, कारण एक गडी एक पाय आत आणि एक पाय बाहेर अशा अवस्थेत सावधान उभा असतो. राष्ट्रगीत संपल्यावर शिपाईकाका म्हणतात, तो बाहेर होता. तो म्हणतो, दप्तर मी आधीच आत टाकलं होतं.

ठाण्यात उशिराची कारणं भूगोलावरून ठरतात. कळवा, मुंब्रा, दिव्याचा मुलगा ‘ट्रेन लेट होती’ म्हणतो. हे एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवर पडताळता येतं आणि बहुतेक वेळा खरंच निघतं. नौपाड्यातून चालत येणारा मुलगाही कधीकधी ट्रेन लेट होती म्हणतो. त्याला अजून सराव नसतो. वंदना टॉकीजपाशी पाणी भरलंय, हे कारण जून ते सप्टेंबरच चालतं. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधून ‘लिफ्ट बंद होती’ येतं, पण जिने उतरायचेच होते, चढायचे नव्हते, असं विचारलं की ते कोसळतं. सर्वांत भक्कम कारण ‘घोडबंदरला ट्रेलर बंद पडलाय’. ते तपासण्यात अर्थ नाही. गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत कुठेतरी, काहीतरी, कधीही बंद पडलेलं असतंच. जो मुलगा हे कारण देतो त्याला मी मनातल्या मनात अर्धा गुण देते.

अतिवृष्टीची सुट्टी हा स्वतंत्र विषय आहे. सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येईपर्यंत सातची मुलं भिजून वर्गात बसलेली असतात आणि हजेरी मांडून झालेली असते. आता हा दिवस कामाचा की सुट्टीचा? सुट्टीचा. म्हणजे निळ्या खुणांवरून लाल शाईने अक्षरं काढायची. सगळ्यांत नियमित मुलं, जी पुरातून वाट काढत आली, त्यांचीच हजेरी पुसली जाते. घरी झोपलेल्यांचं काही बिघडत नाही.

दहावीला बसायचं तर ७५ टक्के उपस्थिती हवी. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षात किमान २२० दिवस काम व्हायला हवं. नववी-दहावीची पोरंही तोच आकडा धरतात. चौथा हिस्सा पंचावन्न. शेकडेवारीचं एक उदाहरण धड न सोडवता येणारा मुलगा हे गणित तोंडी करतो आणि त्या पंचावन्न दिवसांकडे हक्काची रजा म्हणून बघतो. गोविंदा पथकाच्या सरावाचे काही, नवरात्रात टेंभीनाक्याच्या देवीचे काही, जानेवारीत क्लासच्या टेस्ट सिरीजचे बरेच. हो, शाळा बुडवून क्लासला. क्लासमध्ये गैरहजर राहिलं तर पालकांना दहा मिनिटांत मेसेज जातो, तेव्हा तिथे कुणी दांडी मारत नाही.

पण पंचावन्नातला सिंहाचा वाटा कोकणाचा. गणपतीची सुट्टी शाळा देते ती देतेच. अर्धा वर्ग तिच्या आधी दोन दिवस जातो आणि नंतर चार दिवसांनी उगवतो. अर्जात एकच वाक्य, ‘अचानक गावी जावे लागल्यामुळे’. गणपती कधी आहेत ते कालनिर्णयात गेल्या डिसेंबरपासून छापलेलं असतं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे परतीचंही तिकीट बापाने परतण्याच्या दोन महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला काढलेलं असतं, आणि रजेचा अर्ज येतो परत आल्यावर, सोबत मोदकांचा डबा. डब्याला कोणत्या नियमाखाली नकार द्यायचा, हे दैनंदिनीत दिलेलं नाही.

हजेरी कमी भरली तर सबळ कारण, डॉक्टरचा दाखला, मुख्याध्यापकांची शिफारस आणि विभागीय मंडळाची मंजुरी, अशी वाट आहे. ती चालायची असते शिक्षकाने. हजेरी मुलाची कमी, खुलासा माझा. म्हणून आम्ही डिसेंबरात धमकी देतो, ‘बाहेरून बसावं लागेल, १७ नंबरचा फॉर्म भरावा लागेल!’ त्या फॉर्मची मुदत तेव्हा बहुधा संपलेली असते, हे आम्ही बोलत नाही.

डॉक्टरच्या दाखल्याचं एक बरं असतं, त्यावर निदान शिक्का असतो. पालकांच्या चिठ्ठीवर फक्त सही असते, आणि सही ओळखणं ही विद्या बी.एड.ला शिकवत नाहीत. दैनंदिनीच्या पहिल्या पानावर नमुना सही घेतलेली असते. नवखा शिक्षक तिच्याशी जुळते का ते बघतो. जुळली तर खरी मानतो. इथेच फसतो. खऱ्या बापाची सही कधीच जुळत नाही, कारण तो ती दारात चपला घालता घालता, पोराच्या पाठीवर दैनंदिनी ठेवून करतो. हुबेहूब जुळणारी, सावकाश, पेन दाबून केलेली सही पोराची. दुसरी खूण शाईची : गृहपाठ ज्या जेल पेनाने केलाय त्याच पेनाची सही. तिसरी तारखेची. सहीखाली नीट तारीख घालणारा बाप मला अजून भेटायचाय. आणि चौथी खूण व्याकरणाची. चिठ्ठी सुरू होते पालकाच्या तोंडून आणि संपते वेगळीकडे : ‘माझ्या पाल्याच्या पोटात दुखत असल्यामुळे मी काल शाळेत येऊ शकलो नाही.’ हल्ली ही चिठ्ठी आईच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर येते, पहाटे सहा दहाला. तिथे एकच उपाय. लगेच फोन लावायचा. पाल्य स्वतः उचलतो.

केसांबद्दल जास्त बोलत नाही. ‘कापून ये’ म्हटलं की कापून येतात. बाजूने मशीन, वर तुरा तसाच. आपण ‘वरचे’ हा शब्द वापरलेला नसतो.

मोबाईल आणायला बंदी आहे. पकडला तर जप्त करून कपाटात, आणि पालकांच्याच हाती परत. ऐकायला सोपं. जप्त केलेल्या क्षणापासून तो पंचवीस हजारांचा ऐवज आपल्या जबाबदारीवर येतो. आधीच फुटलेल्या काचेची नोंद आधीच करून घ्यावी आणि त्याखाली मुलाची सही घ्यावी, नाहीतर काच कपाटात फुटली असं ठरतं. दिवसभर कपाटातून ‘आई कॉलिंग’ वाजत राहतं. मुरलेली मुलं जुना बंद पडलेला फोन दप्तरात ठेवतात आणि तपासणीत तोच पडेल चेहऱ्याने काढून देतात.

शिक्षेचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं बंद आणि मानसिक त्रास देणंही बंद. व्हायलाच हवं होतं. उरल्या त्यात जागा बदलणं सर्वांत परिणामकारक, फक्त ते बोलक्यांचं करू नये. बोलक्या मुलाला गप्प मुलाशेजारी बसवलं की आठवड्यात दोघेही बोलू लागतात. बदलायचं गप्पांच्या श्रोत्याला. मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला सांगणं हा उपाय वरवर चांगला, पण नावापुढे गुणिले दोन, गुणिले पाच अशा खुणा वाढत जातात आणि मधल्या सुट्टीत वडापावच्या हिशेबात त्या कमीही होतात. मॉनिटर पंधरवड्याने बदलावा.

शेवटचं हत्यार, ‘उद्या पालकांना घेऊन ये.’ उद्या कुणी येत नाही. तिसऱ्या दिवशी ‘बाबांची नाईट होती’. चौथ्या दिवशी जो येतो तो मुलाचा चुलतभाऊ निघतो. आई आली तर म्हणते, ‘बाई, घरी असा नाही हो तो.’ आणि बाबा आले तर पोरासमोरच म्हणतात, ‘बाई, तुम्ही दोन ठेवून द्या, आम्ही काही बोलणार नाही.’ मग कलम १७ मला त्यांना समजावून सांगावं लागतं. पोरगा शेजारी उभा राहून माना डोलावतो. त्याला ते माझ्याआधीपासून पाठ असतं.

जूनमध्ये शाळा सोडल्याचे दाखले निघतात. त्यात जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, प्रगती, शाळा सोडल्याचं कारण आणि एक रकाना वर्तणुकीचा. दप्तर हजर ठेवून पाणी प्यायला जाणारा सदतीस नंबर, बापापेक्षा सरस सही करणारा चौदा नंबर, ट्रेलरवाला, तुरेवाला, सगळ्यांच्या पुढे ‘चांगली’. वेगळं काही लिहिलं तर अकरावीच्या प्रवेशात पोरगं अडकेल आणि त्याचे बाबा पहिल्यांदाच वेळेवर शाळेत येतील. लेखनिक त्या रकान्याचं विचारतही नाही, छापून मोकळा होतो. दाखला न्यायला सदतीस नंबर ऑफिस बंद झाल्यावर पाच मिनिटांनी येतो आणि खिडकीतून सांगतो, ‘काका, घोडबंदरला ट्रेलर बंद पडलाय.’